द्वारकेचा राणा, पांडवांच्या घरी

जेजुरी ते वाल्हे ही चाल तशी लहान. मुक्कामावर पोचलं की राहुटीत पाय पसरून बोलायला वेळ मिळतो, आणि वाल्ह्यात बोलणं वाल्मीकींवर आल्याशिवाय राहत नाही. हे त्यांचंच गाव, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. वाल्या कोळी वाटसरूंना लुटायचा, मारायचा, आणि दर जिवामागे रांजणात एक खडा टाकायचा. असे सात रांजण भरले. मग नारद भेटले आणि ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ओठी राम आला. रामायणाच्या बालकांडात ही कथा नाही. तिथे तमसेच्या काठी पारध्याच्या बाणाने क्रौंच पक्षी पडतो, मादी आक्रोश करते आणि ऋषीच्या शोकाचा श्लोक होतो. मला हे दोन्ही वाल्मीकी जवळचे वाटतात. पण टाळ-मृदंगाच्या गजरात त्या गावात शिरताना डोळे भरून येतात ते वाल्यासाठी. नामाने त्यालासुद्धा टाकलं नाही.

त्या संध्याकाळी हरिपाठाला उभे राहिलो. पहिल्या अभंगाच्या शेवटी ज्ञानदेव व्यासांची साक्ष काढतात: ‘द्वारकेचा राणा पांडवां घरी’. ही ओळ लहानपणापासून पाठ आहे. या वारीत मात्र ती मनातून हलेचना. राजा पांडवांच्या घरी राहिला, पण तिथे तो करत काय होता?

धर्मराजाच्या राजसूय यज्ञात सगळ्यांना कामं वाटून दिली, तेव्हा आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचं काम कृष्णाने घेतलं, असं सभापर्वात आहे. उष्ट्या पत्रावळीही त्यानेच उचलल्या, असं आपले कीर्तनकार सांगतात. आणि याच यज्ञात भीष्मांच्या सांगण्यावरून अग्रपूजेचा मान त्याला मिळाला. त्यावरून शिशुपाल भर सभेत वाटेल ते बोलला. एकाच मांडवात पहिली पूजाही त्याची आणि पाय धुण्याचं कामही त्याचंच! महाभारतातला कृष्ण मला इथे सगळ्यात मोठा दिसतो, विश्वरूप दाखवतो त्याहूनही मोठा.

नीरेला पादुकांचं स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, फलटण मागे पडलं. पुरंदवड्याला गोल रिंगण लागलं. माऊलींचा अश्व स्वाराशिवाय धावतो. तो पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं नुसती झेपावतात. मीही लावली. तेव्हा द्रोणपर्व आठवलं. युद्धाचा चौदावा दिवस, सूर्यास्ताआधी जयद्रथाला गाठायचंय आणि घोडे थकलेत. अर्जुन रथातून उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाणाने जमीन फोडून पाणी काढतो. आणि कृष्ण भर रणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगात रुतलेले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, पुन्हा जुंपतो. आजूबाजूला अख्खी कौरवसेना उभी असताना!

आमच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना चालता चालता हा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, “मग काय तर! सारथी म्हणून बसला होता ना, मग घोड्यांचं कोण करणार?” आणि लगेच द्रौपदीच्या थाळीची गोष्ट त्यांनीच सुरू केली. दुर्वास शिष्यांसह दारात, थाळी धुऊन ठेवलेली, आणि देव येतो तो भुकेला होऊन. थाळीच्या काठाला चिकटलेलं भाजीचं पान खाऊन तृप्त होतो. “मागून खाल्लं त्यानं,” मावशी दोनदा म्हणाल्या.

वाखरी सोडून पंढरीच्या वाटेला लागलो तेव्हा मला ही ओळ तिथपर्यंत गेलेली दिसली. रुसलेल्या रुक्मिणीच्या शोधात तोच द्वारकेचा राणा दिंडीरवनात आला. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. त्याने वीट पुढे केली, थांब म्हणाला, आणि देव थांबला. म्हणून चंद्रभागेत स्नान केलं की आधी वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन घ्यायचं, मग विठ्ठलाचं, अशी वारकऱ्यांची रीत आहे. आम्हीही आधी पुंडलिकाकडेच गेलो.