मोठा आवाज आणि आपले कान

2008 ला मेटॅलिका या रॉक बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा हजारो फॅन्सनी हा अल्बम परत मिक्स करून द्या म्हणून ऑनलाइन सह्या केल्या होत्या, कारण तीच गाणी 'गिटार हिरो' गेममध्ये मस्त मोकळी वाजत होती आणि सीडीवर मात्र आवाज फाटत होता. गेमसाठी वाद्यांचे ट्रॅक वेगवेगळे द्यावे लागतात, त्यामुळे ते शेवटच्या दाबादाबीतून, म्हणजे सीडी मोठी वाजावी म्हणून केलेल्या कॉम्प्रेशनमधून, वाचले. तरी अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेलाच! म्हणजे बहुतेकांना काही खटकलंच नाही.

पण म्हणून लोकांना संगीतातलं कळत नाही असं कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो. कानच तसे आहेत. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सननी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी असला की बेस आणि एकदम वरची ट्रेबल आपल्याला कमी ऐकू येते, वाढवला की दोन्ही भरून येतात. म्हणून एकच गाणं जरासं वाढवून परत लावलं तर ऐकणारा आवाज वाढवलास का असं विचारत नाही, हे जास्त क्लिअर आहे म्हणतो. कॉम्प्रेशनमध्ये हेच होतं, उंच ठोके दाबायचे आणि मग सगळंच वर उचलायचं, त्यात थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) आलं की गिटारला धार येते आणि रॉकमध्ये ती आवडतेच. शिवाय भरलेल्या लोकलमध्ये साध्या इअरफोनवर हळू जागा ऐकूच येत नाहीत, तिथे दाबलेलं मिक्सच बरं, मीही तेच लावेन.

घरी मात्र मोकळ्या आणि दाबलेल्या अशा दोन्ही व्हर्जन्सचा आवाज सारखा करून ऐका आणि फक्त स्नेअरकडे, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमकडे, लक्ष द्या. मोकळ्या मिक्समध्ये काठी पडल्याचा 'टाक्' आधी येतो आणि मग ड्रम घुमतो, दाबलेल्यात तो 'टाक्'च कापला गेलेला असतो, उरतो नुसता 'थप्प'. याच अल्बममधलं 'द डे दॅट नेव्हर कम्स' हळू गिटारने सुरू होतं, पुढे सगळे तुटून पडतात तेव्हा अंगावर यायला पाहिजे, पण वर जायला जागाच ठेवलेली नाही.

आता तर स्पॉटिफाय नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय) चालू असलं की सगळी गाणी साधारण -14 एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास आणतं, म्हणजे जास्त दाबलेल्या गाण्याचा आवाज सरळ खाली येतो. मोठं वाजण्याचा फायदा गेला, कापलेले ठोके तसेच राहिले, आणि तरीही नवीन गाणी अशीच दाबून मास्टर होऊन (म्हणजे शेवटचा हात फिरून) येतायत, हे आता थांबवा ना प्लीज.