पडलेल्या गाण्यांचं गाव: विगन

उत्तर इंग्लंडमधल्या विगनमध्ये साठी उलटलेल्या कुणालाही ‘कसिनो कुठे होतं?’ म्हणून विचारा, तो मॉलकडे बोट दाखवतो. ग्रँड आर्केड हे त्या मॉलचं नाव, २००७ साली उघडलेला. आत विगनचाच विनोदी गायक जॉर्ज फॉर्मबी याचा ब्राँझचा पुतळा आहे, कपड्यांची दुकानं आहेत, सरकते जिने आहेत. मी ज्यासाठी मँचेस्टरहून गाडी पकडून आलो होतो ते मात्र १९८३ मध्येच जमीनदोस्त झालंय.

विगन कसिनोचा जुगाराशी काही संबंध नव्हता. एम्प्रेस बॉलरूम नावाचा हा जुना नाचाचा हॉल. २३ सप्टेंबर १९७३ पासून इथे शनिवारच्या रात्री ‘ऑलनायटर’, म्हणजे रात्रभराचे नाच, सुरू झाले. मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास दार उघडायचं आणि सकाळी आठला बंद व्हायचं. दारू नाही. खाणीत, गिरणीत, कारखान्यात आठवडाभर राबलेली पोरं खांद्याला बॅग अडकवून लांबलांबून यायची. बॅगेत बदलायचे कपडे, टॉवेल आणि टाल्कम पावडरचा डबा. लाकडी फ्लोअरवर पावडर शिंपडली की चामडी तळव्याचे बूट सरसर घसरतात. रात्रभर टिकायला बरेच जण उत्तेजक गोळ्याही घ्यायचे, हे काही लपवण्यासारखं नाही. पोलिसांचा डोळा त्यावरच असे.

वाजायचं काय, तर अमेरिकेत पडलेली गाणी.

साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीने सोलचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय गाण्यांचा, असा काही धडाका लावला की डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस इथल्या बारक्या कंपन्यांनी त्याच साच्यातली गाणी ढिगाने काढली. तोच ठोकून वाजणारा ठेका, व्हायोलिनं, ब्रास आणि त्यावर प्रेमभंगाने कळवळून गाणारा आवाज. बहुतेक रेकॉर्ड विकल्याच गेल्या नाहीत, गोदामांत पडून राहिल्या. पुढे अमेरिका फंक नावाच्या नव्या संगीताकडे वळली, लंडनही वळलं. उत्तर इंग्लंड वळलं नाही. फुटबॉलची मॅच बघायला लंडनला आलेली उत्तरेकडची मंडळी डेव्ह गॉडिन याच्या ‘सोल सिटी’ या रेकॉर्डच्या दुकानात शिरायची आणि नवं काही न बघता तो जुना ठेकाच मागायची. तेव्हा दुकानात काम करणाऱ्या पोरांना कळावं म्हणून गॉडिनने या मालाला नाव दिलं, ‘नॉर्दर्न सोल’. गाणी डेट्रॉइटची नि शिकागोची, आणि ‘नॉर्दर्न’ कोण, तर ती ऐकणारे!

सुरुवात खरं तर मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबमध्ये झाली. तो १९७१ मध्ये बंद पडला. मग स्टोक-ऑन-ट्रेंटमधला टॉर्च क्लब, तोही १९७३ मध्ये गेला. त्या भुकेल्या गर्दीला कसिनो मिळालं. रस विन्स्टन्ली, रिचर्ड सर्लिंग, केव्ह रॉबर्ट्स हे इथले नावाजलेले डीजे. डीजेची पत ठरायची ती दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या रेकॉर्डवर. म्हणून ते लेबलवर कोरा कागद चिकटवायचे, गायकाचं नावही खोटं सांगायचे. फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ लोक कित्येक दिवस ‘एडी फॉस्टर’ नावाच्या भलत्याच गायकाचं म्हणून नाचत होते. विल्सन मोटाऊनचाच माणूस. १९६५ मध्ये रेकॉर्ड छापली गेली, पण त्याने गाण्यापेक्षा निर्मितीचं काम पत्करलं आणि प्रती नष्ट झाल्या. मोजक्या वाचल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली.

हे दुर्मिळतेचं वेड मला अर्धं पटतं, अर्धं नाही. प्रत एकच आहे म्हणून गाणं थोर होत नाही. पण कसिनोत शेवटचा शब्द फ्लोअरचा होता. रेकॉर्ड कितीही दुर्मिळ असो, पाय हलले नाहीत तर ती पेटीत परत. ग्लोरिया जोन्सचं १९६५ मधलं ‘टेंटेड लव्ह’ म्हणजे पडलेल्या रेकॉर्डची मागची बाजू. सर्लिंगला ती फिलाडेल्फियात सापडली आणि इथल्या फ्लोअरने तिला उचलून धरलं. पुढे लीड्सच्या सॉफ्ट सेल या जोडीने तेच गाणं सिंथेसायझरवर केलं आणि १९८१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी कसिनो बंद झालं.

रात्र संपवायची रीतही ठरलेली होती. आठ वाजायच्या आधी तीन गाणी, दर वेळी तीच. टोबी लेजंडचं ‘टाइम विल पास यू बाय’, जिमी रॅडक्लिफचं ‘लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर’ आणि डीन पॅरिशचं ‘आय’म ऑन माय वे’. मी येताना गाडीत ही तिन्ही ओळीने ऐकली. भैरवी म्हणावी अशीच निवड आहे, फक्त हिच्यावर उड्या मारता येतात. ब्रुकलिनच्या डीन पॅरिशला आपलं गाणं लँकेशरमधल्या, म्हणजे इथल्या, पोरांना तोंडपाठ आहे याचा कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. ६ डिसेंबर १९८१ च्या शेवटच्या रात्री ही तीन वाजून गेली तरी लोक हलेनात, तेव्हा विन्स्टन्लीने फ्रँक विल्सन लावला.

सगळंच काही सोवळं नव्हतं. १९७५ मध्ये विगनच्या नावावर ‘फुटसी’ नावाची रेकॉर्ड निघाली, टीव्हीवर गेली, पहिल्या दहांत पोचली. जुने लोक अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. मी ऐकली. त्यांचं बरोबर आहे.

जागा नगरपालिकेची. तिला आपली कचेरी वाढवायची होती. १९८२ मध्ये आग लागली, पुढच्या वर्षी इमारत पाडली आणि कचेरी काही वाढली नाही, पैसेच नव्हते. माझे वडील परळच्या गिरणीत होते. मुंबईचा गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, कसिनोच्या शेवटच्या रात्रीनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी. त्यामुळे ग्रँड आर्केडमध्ये कॉफी पिताना गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला फिनिक्स मॉल आठवायला फार कल्पनाशक्ती लागली नाही.

संध्याकाळी जवळच्या एका सोशल क्लबात सोल नाइट होती. पन्नासेक माणसं, बहुतेक आजी-आजोबा. बायका घेरदार स्कर्टमध्ये, पुरुष ढगळ पँटमध्ये, बॅगांवर आवळलेल्या मुठीचे बिल्ले, नॉर्दर्न सोलची खूण. जोडीने कुणी नाचत नव्हतं. ज्याने त्याने आपली जागा पकडलेली, पाय डावीकडून उजवीकडे सरकतायत, मध्येच गिरकी. सत्तरीच्या एका गृहस्थांनी खाली बसकण मारून हातावर भार दिला आणि उठले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गुडघा नवीन आहे.” कोपऱ्यातल्या टेबलावर सिंगल्सच्या पेट्या होत्या. पाच पौंडांपासून पुढे. मी डोबी ग्रेचं ‘आउट ऑन द फ्लोअर’ घेतलं, नंतर काढलेली प्रत, त्यामुळे परवडलं.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी. ग्लास हातात घेऊन फ्लोअरवर जाऊ नका, सांडलं तर लोक खरंच चिडतात. आणि रबरी तळव्याचे बूट नकोत, पाय जागच्या जागी चिकटतो. शिवाय मँचेस्टरची शेवटची गाडी नाच रंगात येतो तेव्हाच सुटते, तेव्हा विगनमध्येच खोली घेऊन ठेवा.