एक्सपी-८०: गुलाल शेवटी सापडला

मशीन माणसात आलं, म्हणजे माझा एक्सपी-८०, रोलंडचा जुना सिंथेसायझर कीबोर्ड. काल रात्री त्याच्या सिक्वेन्सरचा (वाजवलेलं नोंदवून ठेवणारा भाग) मायक्रोस्कोप, म्हणजे एकेक नोट आकड्यांत दाखवणारा पडदा, उघडून मधलं सप्तक हलक्या हाताने वाजवलं, तर व्हेलॉसिटीच्या, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याच्या, रकान्यात ४८, ५२, ४५, ५० असे शहाण्यासारखे आकडे. एकही १२७, म्हणजे कमाल जोर, नाही. शेजारच्या काकू दारातून विचारून गेल्या, ‘आज आवाज कसा नाही रे?’ हेडफोनवर होतो हे काही सांगितलं नाही. चांगुलपणाचं श्रेय मिळत होतं, घेऊन टाकलं.

हा १२७ चा उपद्रव मागचं वाचलेल्यांना ठाऊक आहे. शांत पॅड, म्हणजे रेंगाळणारा मऊ आवाज, चालू असताना मधूनच एक सूर कानफटात मारल्यासारखा यायचा, कधी एका दाबात दोन नोटा पडायच्या. ऑर्केस्ट्रात हे खपून जातं. पण हाऊस या नाचाच्या संगीतातले पियानो स्टॅब, म्हणजे तुटक कॉर्ड, जगतात तेच व्हेलॉसिटीवर, आणि आवाज उजळ-मंद करणारा फिल्टर व्हेलॉसिटीला बांधलेला असला की एक चुकार नोट अख्खा बार नासवते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: प्रत्येक पट्टीखाली रबराच्या फुग्यात कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. दोघांच्या मधला वेळ मोजून मशीन ठरवतं की जोर किती होता. पहिला ठिपका मळामुळे उशिरा जुळला, की मधला वेळ आखूड भरतो आणि मशीनला वाटतं कुणीतरी गुद्दा घातला. त्यामुळे १२७ दिसला तर सॉफ्टवेअरला, व्हेलॉसिटी कर्व्हला, आणि काही जण देतात तसा थेट मेनबोर्डला दोष देऊ नका. आधी रबर बघा.

रबर मी बघितलंच होतं. ७६ च्या ७६ पट्ट्या, ४५ पांढऱ्या आणि ३१ काळ्या, उतरवून रबर धुतलं, सर्किट पुसलं, सगळं परत बसवलं की काही दिवस साफ. उघडीप असली की ठीक, झड लागली की दुखणं परत. दमट हवेत बिघडतं आणि उन्हात सुधारतं, म्हणजे आत कुठेतरी ओल धरणारं काहीतरी आहे, एवढं कळत होतं. ते येतंय कुठून, हे कळत नव्हतं. पुसलेल्या जागी नव्याने मळ कोण आणून टाकतंय?

या वेळी पट्ट्यांच्या खालची फेल्टची फीतच उपटून काढली, जिच्यावर पट्टी खाली येऊन टेकते ती. वरून करडी, दबून चप्पट झालेली. उलटी केली तर पोटात लाल. लाल दिसलं की आपल्या जुन्या-कीबोर्ड पंथातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नव्वदीतल्या काही कीबोर्डांत पट्टीखालची वजनं ज्या लाल गोंदाने चिकटवलेली असतात, तो म्हातारपणी पातळ होऊन ओघळतो, हे आपण सगळ्यांनीच फोटोंत पाहिलंय. पण हे बोटाला चिकटेना. चिमटीत चुरडलं तर भुरभुरलं. वास घेतला. गुलाल!

मशीन मूळ चिपळूणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचं तळमजल्यावरचं सगळं गेलं, हे माळ्यावर होतं म्हणून वाचलं, ते मागे लिहिलंच आहे. त्याच्याही आधी ते वर्षानुवर्षं विसर्जनाच्या टेम्पोवर चढत होतं. काकांना फोन लावला. ‘अरे गुलाल कसला जाणार आत? आम्ही वरून प्लास्टिक टाकायचो,’ म्हणाले. मग जरा थांबून, ‘पण प्लास्टिक टाकलं तर वाजवायचं कसं म्हणा.’

बाजारातला गुलाल म्हणजे बहुतेक वेळा रंगवलेली पिठूळ भुकटी. पीठ ओल धरतं आणि त्यावर बुरशीही छान पोसते. रबराच्या फुग्याला खाली हवेसाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. पट्टी दाबली की हवा बाहेर, सोडली की आत. आत येताना हवा एकटी येत नव्हती. पट्टी फेल्टवर आपटली की गुलाल उडणार, फुगा तो ओढून घेणार, कार्बनवर थर बसणार आणि मिरगापासून त्याचा चिखल होणार. मी वरचा मळ पुसत होतो आणि खाली गोदाम भरलेलं होतं.

साफसफाईबद्दल माझी मतं ठाम आहेत, पटो न पटो. मेडिकलमधलं स्पिरिट सर्किटवर नको, त्यात पाणी असतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणा आणि झाकण उघडं टाकून चहाला जाऊ नका, आपल्याकडच्या हवेत ते पाणी ओढतं. तेलकट स्प्रे कार्बनवर मारणाऱ्याला माझ्या खोलीत प्रवेश नाही. खोडरबरही नको, कार्बन खरवडून जातो. रबराच्या फिती कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, बोटानेच चोळायच्या. त्या हवेच्या वाटांतून सुईच्या मागच्या टोकाने गुलाल काढायला वेळ लागतो. घाई केली की रबर फाटतं.

पावसाळ्यात वाळवणार कुठे हा खरा प्रश्न. आंब्याची लाकडी पेटी घेतली, आडवी ठेवली, आत जुना तारेचा बल्ब सोडला, वर गोणपाट. एलईडी चालत नाही, ऊबच येत नाही. रबर आणि पट्ट्या रात्रभर आत ठेवल्या तर सकाळी खडखडीत. खोलीला अजून हापूसचा वास येतोय, ती वेगळी मजा.

उरलं फेल्ट. परदेशातून एक संच मागवला होता. पैसे आगाऊ, कस्टम वेगळं, आणि हातात आला तो ६१ पट्ट्यांच्या मशीनचा. त्या व्यवहाराबद्दल न बोललेलंच बरं. कोकणात भजनाची डबलबारी जोरात आहे तोवर पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करणाऱ्यांना मरण नाही, हे मात्र सुचायला उशीर झाला नाही. आमच्या इथल्या पेटीवाल्या काकांकडे जुनी फीत घेऊन गेलो.

‘पेटीचंच आहे ना?’

‘पेटीच म्हणा काका, फक्त भाता नाही.’

‘मग वारा कुठून देता?’

विजेवर चालते म्हटल्यावर त्यांचा रस संपला, पण फेल्ट अव्वल दिलं. जाडी महत्त्वाची. जाड झालं तर पट्टी पुरती खाली जात नाही आणि दुसरा ठिपका टेकत नाही. पातळ झालं तर नुसती खटखट. जुन्या फितीची खरी जाडी मी अगदी उजवीकडच्या दोन पट्ट्यांखाली मोजली. तिथे कुणी फारसं वाजवत नाही, म्हणून ती दबलेली नव्हती. काकांनी नवं फेल्ट पात्याने उभं चिरून तेवढंच करून दिलं, चष्मा कपाळावर ठेवून. पैसे विचारले तर चहाएवढे. एरवीच्या स्टुडिओ-सामानवाल्यांनी जरा शिकावं.

आता थोडं सुराबद्दल, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फक्त झाडू मारतो. रोलंडचाच जेपी-८००० आणि एक्सपी-८० दोन्ही १९९६ चेच, पण सुपरसॉ, म्हणजे अनेक सॉ लहरी किंचित बेसूर करून एकत्र वाजवलेला जाड आवाज, जेपीच्या वाट्याला गेला. आपल्याकडे एका पॅचमध्ये, म्हणजे तयार आवाजात, चार टोन, म्हणजे चार थर. चारही सॉ, दोन किंचित वर, दोन किंचित खाली, डावी-उजवीकडे पसरवून. ऐकायला झकास, पण हिशोब करा: प्रत्येक थराला एक व्हॉइस (एकाच वेळी वाजणारा आवाज) लागतो, म्हणजे एका नोटेला ४ व्हॉइस, चार नोटांच्या कॉर्डला १६, आणि रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर आवाज विझायचा वेळ, लांब ठेवला तर आधीची कॉर्ड विझायच्या आत पुढची येते. त्यावर आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), बास, रिदम. मशीनचे सगळे ६४ व्हॉइस बघता बघता संपतात आणि नेमका किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, गिळला जातो. डान्स ट्रॅकमध्ये किक गिळला तर उरलं काय? परफॉर्मन्समध्ये, म्हणजे अनेक पार्ट एकत्र वाजतात त्या मोडमध्ये, रिदम पार्टला काही व्हॉइस राखून ठेवले आणि पॅडचा चौथा टोन बंद केला. तीन टोनांत फरक फक्त मलाच ऐकू येतो, नाचणाऱ्याला नाही.

ठरलं होतं असं की पट्ट्या झाल्या की लगेच फ्लॉपी ड्राइव्ह काढून गोटेक, म्हणजे फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह चालवणारं यंत्र, बसवायचा. चिपळूणच्या काकांच्या फ्लॉप्यांवर बुरशीचे ठिपके आहेत, त्या फार दिवस टिकणार नाहीत. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात दुसरं शिरलं. आरपीएस या मशीनच्या सोयीत एकेका पट्टीला एकेक फ्रेज, म्हणजे नोंदवलेला तुकडा, लावता येते. सगळ्यात खालचं सप्तक त्यालाच देऊन टाकावं आणि त्यात शिमग्याच्या पालखीपुढच्या ढोलाचे ठेके भरावेत, १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ मात्रा) किकवर. सरळ ग्रिडवर, म्हणजे सिक्वेन्सरच्या समान अंतरांवर, बसवलेला ढोल कवायतीला आल्यासारखा वाटतो, हे आधीच करून पाहिलंय. या सिक्वेन्सरमध्ये एका मात्रेचे ९६ टिक, म्हणजे सोळांशाचे २४. दुसरा सोळांश २४ ऐवजी ३० च्या आसपास ढकलला की ढोल चालायला लागतो. ३२ वर पूर्ण तिप्पट झोका येतो, तो मला जरा जास्त वाटतो. १२८ ला एक टिक जवळपास ५ मिलिसेकंदांचा, त्यामुळे एकेक टिक हलवून कानाने ठरवावं लागेल. आणि हे ठेके हाताने, व्हेलॉसिटीसकट भरायचे आहेत, म्हणून तर पट्ट्या माणसात आणल्या.

तेव्हा गोटेक गणपतीनंतर. तोवर युजर बँकेचे १२८ पॅच मिडीच्या वायरीवरून लॅपटॉपवर उतरवून ठेवलेत, काकांच्या ‘आरती पॅड’सकट, तो पॅच वाईट आहे, तरी ठेवलाय. मशीनमध्ये जादा आवाज घालणारं टेक्नो कार्ड, एसआर-जेव्ही८०-११, कुणी विकायला काढणार असेल तर आधी मला विचारा. अदलाबदलीत एशिया कार्ड मागू नका, ते देणार नाही. आणि मशीन यंदा कुणाच्याही मिरवणुकीला मिळणार नाही, विचारणाऱ्या वाडीतल्या मंडळींनी हे इथेच वाचावं.