वाळा लॉग, मार्च ते ऑगस्ट: काय टिकलं, काय उडालं आणि मनगट का सोडलं

यंदाचा नियम एकदम साधा ठेवला होता, ऊन तापायला लागलं की अंगावर फक्त वाळा. खस म्हणा, व्हेटिवर म्हणा, त्या मुळाच्या वासावर बेतलेलंच काहीतरी लावायचं, आणि व्हॅनिला, ऊद, साखरेच्या पाकातून काढलेलं जे काय आहे ते सगळं कपाटात खालच्या कप्प्यात. कारण एवढंच की बाटल्या फार झाल्या होत्या, रोज वेगळं फवारायचं आणि संध्याकाळी कोणी विचारलं तर आठवायचंही नाही की सकाळी काय लावलं होतं. आपल्याला नक्की काय आवडतं हेच कळेनासं झालेलं. एकच नोट, म्हणजे एकच मुख्य वास, धरून सीझन काढला की कळतं असं इथल्या, या परफ्यूमवेड्यांच्या ग्रुपवरच्या, जुन्या मंडळींकडून ऐकलं होतं, म्हटलं बघू. राहायला ठाणे, म्हणजे दमट, आणि मे महिन्यात माहेरी नागपूर, म्हणजे कोरडी भट्टी, त्यामुळे दोन्हीकडची टेस्ट आपोआप होणार होती.

मार्च

सुरुवात कोलोनने केली. कोलोन म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोकांना तापात कपाळावर ठेवायची पट्टी आठवते, पण मूळ प्रकार फारच सुंदर आहे हो. १७०९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना कुटुंबाने दुकान टाकलं, त्यातला योहान मारिया फरिना मूळचा इटलीचा, आणि त्याने भावाला पत्रात लिहिलेलं की मी असा वास केलाय ज्याने पावसानंतरची इटलीतली वसंतातली सकाळ आठवते. तिकडेही शेवटी पावसानंतरचा वासच हवा होता म्हणजे, हे वाचून मला जाम बरं वाटलेलं. मी वापरते ते ४७११, तेही त्याच शहरातलं, घराच्या नंबरावरून नाव पडलेलं.

प्रॉब्लेम आपल्या सगळ्यांना माहीत आहे, टिकत नाही. कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण २ ते ५ टक्के, त्यातही लिंबू, संत्रं, बर्गमॉट असले हलके रेणू, ते थांबायला आलेलेच नसतात. ठाणे स्टेशनचा जिना चढेपर्यंत संपलेलं असतं. मग मी आधी छातीवर रुह खसचा, म्हणजे वाळ्याच्या शुद्ध तेलाचा, एक ठिपका लावायला लागले, दोन मिनिटं थांबून त्यावर कोलोन. आणि हे मस्त जमतं! वाळ्याच्या तेलातले रेणू जड, त्वचेवरून सावकाश उडतात, त्यामुळे वरचं लिंबू गेलं तरी खाली काहीतरी गार, मातकट, थोडं कडवट उरतं. लिंबू अर्धा तास जास्त टिकतं वगैरे मी म्हणणार नाही, पण ते गेल्याचं दुःख होत नाही हे नक्की. रुहमध्ये चंदनाचा बेस नसतो, नुसतं तेल, आणि तांब्याच्या भांड्यात काढलेलं असेल तर रंगाला हिरवट, त्यामुळे पांढऱ्या कुर्त्याखाली लावत असाल तर वाळू द्या, डाग जाता जात नाही. जे घरी कोल्ड प्रेस्ड बर्गमॉट तेल घालून कोलोन बनवतात त्यांनी मात्र ते मानेवर लावून उन्हात जाऊ नका, त्यातल्या बर्गॅप्टेनमुळे त्वचा भाजल्यासारखी काळी पडते.

एप्रिल

महिनाभर डिझायनर, म्हणजे मोठ्या ब्रँडची वाळ्याची परफ्यूम. सगळे डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेले), फुल बाटली एकही नाही, ब्लाइंड बाय, म्हणजे वास न घेताच विकत घेणं, पूर्ण बंद केलंय (नवऱ्याने हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवलंय).

गेर्लँ व्हेटिवर, १९५९ चं. इथे ज्याला त्याला हेच सुचवलं जातं आणि बरोबरच आहे. लिंबू, तंबाखू, जायफळ आणि खाली स्वच्छ धुतलेला वाळा. जायफळामुळे मला ते अनोळखी वाटलंच नाही, श्रीखंडाच्या आसपासचं काहीतरी. ऑफिसला हे सर्वात बरं.

तेर द'एर्मेस, २००६, परफ्यूमर जाँ-क्लोद एलेना. संत्र्याची साल आणि गारगोटी घासल्यासारखा वास. खूप हुशार काम आहे, पण त्यात आयसो ई सुपर नावाचा कृत्रिम सुगंधी रेणू भरपूर आणि माझ्या नाकाला ते कधी येतं कधी नाही. मला वाटायचं उडालं, आणि शेजारच्या डेस्कवरची सांगायची की अगं चांगला दरवळतोय. हा मुद्दा नवीन लोकांसाठी मुद्दाम लिहितेय. काही रेणू काही नाकांना कळतच नाहीत, मस्कचे तर कित्येकांना बिलकूल कळत नाहीत, आणि रोज तेच लावलं की नाक ते ऐकणं सोडून देतं. म्हणून स्वतःला येत नाही म्हणजे संपलं असं धरून अजून चार स्प्रे मारू नका, लिफ्टमधल्या लोकांचे हाल होतात. आणि ती दुकानातली कॉफीच्या बियांची वाटी, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, बाहेर जाऊन साधी हवा घ्या किंवा स्वतःच्या कोपराचा वास घ्या, तेवढंच पुरतं.

आँक्र न्वार, लालीकचं, तेही २००६. काळी चौकोनी दौतीसारखी बाटली, आणि वास म्हणजे रात्री विहिरीत डोकावल्यासारखा. मला प्रचंड आवडलं. घरात कोणालाही आवडलं नाही. एप्रिलच्या दुपारी लावलं तर उगाच उदास वाटतं, पण रात्री साडेनऊला अंघोळ करून गच्चीवर जाताना एक स्प्रे, अहाहा.

हे तिन्ही 'पुरुषांसाठी'. मॉलमध्ये मी टेस्टर उचलला की काउंटरवरची मुलगी दरवेळी अगदी प्रेमाने, मॅम ते जेन्ट्सचं आहे, लेडीज त्या बाजूला. तिची नोकरी आहे, तिला काय बोलणार. पण अत्तरवाल्याकडे असे दोन कोपरे मी तरी पाहिले नाहीत. मोहम्मद अली रोडला जा नाहीतर नागपूरला मोमिनपुऱ्यात जा, काका एकच काडी बुडवून आधी तुमच्या हातावर लावतात, मग तुमच्या नवऱ्याच्या. गुलाब त्यालाही, खस मलाही. लग्नात पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावताना कोणी विचारतं का, की तुम्ही लेडीज का जेन्ट्स?

मे, नागपूर

खरी मजा इथे आली. ज्यांचं बालपण विदर्भात गेलंय त्यांना सांगायला नको, वाळा म्हणजे परफ्यूम वगैरे काही नाही, वाळा म्हणजे कूलर. आधी दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यावर पाणी मारायचं, नंतर कूलरच्या जाळीत वाळा. पहिल्या दिवशी मी हौसेने रुह खस लावून मामीकडे गेले, तिने जवळ घेतलं आणि म्हणाली, "काय गं, कूलरमध्ये झोपली होती का तू?" मग आख्खा आठवडा तेच. मामा तर येताजाता, पाणी भरलं का हिच्यात, मोटर चालू करा.

हसण्यावारी गेलं पण मला त्यातून एक कळलं. मी जी क्वालिटी शोधत होते ती फ्रेंच बाटलीत मिळतच नाही, कारण तिथे वाळा धुऊन, घासून, इस्त्री करून ठेवलेला असतो. मला हवाय तो ओल्या मुळाचा वास, थोडा चिखल, थोडा कुजका, पहिल्यांदा पाणी पडल्यावर कूलरमधून येतो तो. रुह खस त्याच्या सर्वात जवळ जातं. जावाचा वाळा एका मित्राने पाठवला होता, तो फारच धुरकट, चुलीजवळ बसल्यासारखा, आणि हैतीचा जास्त स्वच्छ, बहुतेक पाश्चात्त्य परफ्यूममध्ये तोच असतो. आपला उत्तरेकडचा मात्र रानटी. मला रानटी पाहिजे, ठरलं.

आता मनगटाचं. आमरसाचे दिवस, पंगत बसली, मी मनगटावर खस लावलेलं. पोळीचा तुकडा रसात बुडवून तोंडाशी नेला की आधी खस येतो आणि मग हापूस. दोन्ही चांगले वास, पण एकत्र म्हणजे अत्याचार. आणि वरण-भातावर साजूक तूप असेल तर त्याहून वाईट, तुपाचा वासच मरतो. काटा-चमच्याने खाणाऱ्या लोकांनी परफ्यूम मनगटावर लावायचा नियम केलाय, त्यांचं मनगट ताटापासून लांब राहतं. आपण हाताने जेवतो, मनगट दर घासाला नाकाखाली येतं. त्यातून दिवसभर भांडी, हात धुणं, सॅनिटायझर, टिकणार तरी काय तिथे. त्यामुळे आता मनगट कायमचं बंद. छातीवर कपड्याच्या आत एक, मानेच्या मागे केसांखाली एक, आणि बाहेर जायचं असेल तर ओढणीच्या टोकाला किंवा रुमालाला. कानामागे फाया ठेवायची जुनी पद्धत मला पटते, पण फाया पडतो आणि सोफ्यावर सापडतो, मग कोणाचा यावर चर्चा.

कोरड्या उन्हात वास फार पटकन उडतो हेही दिसलं. ठाण्यात दुपारपर्यंत चालणारं गेर्लँ नागपुरात नाश्त्यानंतर गायब. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा चक्क व्हॅसलिन लावलं तर बराच फरक पडतो. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मधे येतो. बाटल्या लोखंडी कपाटात ठेवू नका, मे महिन्यात ते कपाट म्हणजे ओव्हन. मी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या होत्या, आईने कोथिंबिरीला वास लागेल म्हणून सगळ्या काढून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. अंधार आहे, गारवा आहे, खरं तर जागा उत्तम आहे.

जून

मिट्टी अत्तर. कन्नौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाणी घालून चढवतात, झाकण चिकणमातीने बंद, वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) भपक्यात, म्हणजे ती गोळा होते त्या भांड्यात, येते आणि भपक्यात चंदनाचं तेल असतं त्यात मुरते. म्हणजे पारंपरिक पद्धत अशी, आता चंदन इतकं महाग की स्वस्त मालात लिक्विड पॅराफिन किंवा दुसरा बेस असतो. ओळखायचं कसं तर स्वस्त असेल त्यात सुरुवातीला टोचणारा धूळभरला वास येतो आणि नंतर काहीच नाही, चंदनावरचं असेल तर शेवटी दुधट, गोडसर काहीतरी उरतं. हातावर लावून तिथेच निर्णय घेऊ नका, एक चक्कर मारून या, अत्तरवाले काका रागावत नाहीत.

१९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला पेट्रिकोर नाव दिलं, आणि त्यांनी स्वतःच नोंदवलंय की भारतात हे अत्तर आधीपासून काढतात. त्यात जिओस्मिन म्हणून जे असतं ते मातीतले जिवाणू बनवतात आणि आपल्या नाकाला ते अगदी कणभर असलं तरी कळतं.

माझं मत विचाराल तर मिट्टी ही मे महिन्यात लावायची गोष्ट आहे. पाऊस येईना, ढग नुसते फिरून जातायत, तेव्हा कळ काढायला. एकदा खरा पाऊस सुरू झाला की खिडकीतून फुकट येतंय ते बाटलीतून कशाला. खस आणि मिट्टी एकत्र मात्र जरूर करून बघा, खस जरा जास्त, मिट्टी नावाला. माझ्यासाठी या सीझनचा सर्वात चांगला वास तोच.

जुलै

वाळा बंद. हो, नियम मोडला, पण कारण ऐका. पावसात कपडे धड वाळत नाहीत, आणि अर्धवट ओल्या कपड्यांचा कुबट वास नि वाळ्याचा मातकट वास एकमेकांना असे भेटतात की लोकलमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली. वाळ्याला कोरडं अंग आणि कोरडे कपडे लागतात. मग महिनाभर परत कोलोन, बाटली बॅगमध्ये, दिवसातून दोनदा. दमट हवेत हलकंच बरं, डब्यात आधीच चारशे वास असतात, त्यात आपला आणखी एक कशाला.

अंतराबद्दलची माझी आवड आता पक्की झालीय. माझा वास मिठी मारणाऱ्याला यावा, फार तर शेजारच्या सीटवरच्याला. बीस्ट मोड, म्हणजे अख्खी खोली भरून टाकणारा वास, वगैरे ज्यांना आवडतं त्यांना आवडो, लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे, पण एसी मीटिंग रूममध्ये दार बंद करून दोन तास म्हणजे नको. आमच्या टीममध्ये एकीला मायग्रेन आहे, तिच्यासोबत मीटिंग असेल त्या दिवशी मी काहीच लावत नाही.

घरी बसून एक साइड प्रोजेक्ट केला. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळ्याची जुडी आणली, धुतली, सावलीत वाळवली, कात्रीने बारीक करून परफ्युमर्स अल्कोहोलमध्ये टाकली, अधूनमधून हलवत राहिले. रंग चहासारखा मस्त आला, वास मात्र अगदीच मवाळ. स्वतंत्र लावायला उपयोग नाही. पण त्यातच रुह खस १० टक्के विरघळवलं (सोनाराचा छोटा काटा घ्या, थेंब मोजून काही खरं नाही) आणि जे झालं ते फार भारी आहे, रुहचा चिकटपणा गेला, स्प्रे होतं, आणि सुरुवातीला मुळाचा कच्चा वास येतो. काही आठवडे मुरायला ठेवलंय.

ऑगस्ट, सध्या

केवडा आणला आणि बाजूला ठेवला. ओडिशात गंजामला ज्याचं अत्तर काढतात तोच, पावसाळ्यात फुलणारा. वास अस्सल आहे, तक्रार नाही, पण अंगावर लावला की मला आपण मिठाईच्या दुकानात उभं आहोत असं वाटतं. केवडा गौरीला वाहायला, मला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात घरचा स्प्रे बाहेर काढणार, त्याचा रिपोर्ट टाकेन. थंडीसाठी हिना आणि शमामा ही दोन्ही अत्तरं घ्यायचीत. शमामामध्ये मसाले आणि मुळं इतकी असतात की दोन दुकानांचा एकसारखा नसतो, त्यामुळे कोणाकडे दोन-तीन ठिकाणचे असतील तर एक-एक मिलीचा स्वॅप करायला मी तयार आहे, बदल्यात खस-मिट्टी मिक्स देईन. आणि बकुळीचं खरं अत्तर, बेसमध्ये सिंथेटिक न ओतलेलं, कोणाला कुठे मिळालंय का? सुरंगीचंही विचारणार होते पण कोकणातल्या मैत्रिणीने आधीच सांगितलंय, मार्चमध्ये ये आणि वेणी माळ, बाटलीच्या नादी लागू नकोस.