अमीबाच्या मागावर : नोंद तिसरी

तळ्यातल्या कुजक्या पानांची बरणी, त्यात उकडलेले तांदळाचे चार दाणे आणि अकरा दिवस वाट. आठवडाभर नुसता पॅरामेशियम या दुसऱ्या एकपेशीय जीवाचा धुमाकूळ. मग वरचं पाणी सोडून ड्रॉपरने तळाचा गाळ उचलला, तेव्हा कुठे स्वारी दिसली. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, केंद्रक एकच आणि चकतीसारखं चपटं. म्हणजे अमीबा प्रोटिअस.

पहिले तीन मी स्वतःच्या हाताने बिघडवले. कव्हरस्लिप ठेवली की गोळा होऊन ढिम्म. आता चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचा ठिपका लावतो, म्हणजे काच अंगावर बसत नाही, आणि दहा मिनिटं स्लाइडला हात लावत नाही.

वेगही मोजला. माझ्या १०एक्सच्या भिंगाखाली दृष्टिक्षेत्र १.८ मिलिमीटर. त्याचा पाव भाग गाठायला गड्याने तीन मिनिटं घेतली, म्हणजे सेकंदाला अडीच मायक्रॉन.

चाल मात्र बघत राहावी अशी. आधी टोकाला काचेसारखी नितळ टोपी फुगते. मग आतले कण धावत येतात, टोकाशी कारंज्यासारखे बाजूंना पांगतात आणि कडेला थिजतात. मागे शेपटीकडे तीच थिजलेली कड पुन्हा पातळ होऊन मधल्या प्रवाहाला मिळते. हा प्रवाह चालतो कशाने? १९२६ मध्ये मास्ट या शास्त्रज्ञाने म्हटलं, शेपटी आवळून ढकलते. १९६१ मध्ये ॲलनने म्हटलं, पुढचं टोक आकुंचून ओढतं. तासभर डोळा लावून बसलो; ज्याचं वाचून बसावं त्याचंच खरं वाटतं!

मग उजेडाचा प्रयोग केला. एलईडी एकदम पूर्ण वाढवला की प्रवाह जागच्या जागी थबकतो, थोड्या वेळाने पुन्हा वाहू लागतो. (जुन्या हॅलोजनवर हे करण्यात अर्थ नव्हता, थेंबच तापायचा.) वाहू लागताना आधी कुठले कण हलतात, तेवढंच बघायचं होतं. पाचपैकी चार वेळा पुढचे. ॲलनच्या बाजूने टाळी वाजवणार होतो, पण पाण्याची पिशवी मागून दाबून धरली आणि पुढचं बूच काढलं, तरी पुढचंच पाणी आधी हलणार की!

पाचव्या वेळी थबकलेल्या अमीबाला शेपटीजवळच नवा छद्मपाद (सरकायचा तात्पुरता पाय) फुटला आणि तो आल्या वाटेने माघारी निघाला. आता ही नोंद कुणाच्या खात्यात टाकू?