जँगोचे तयार व्ह्यू आणि देवनागरी पत्ते

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये क्लासवर आधारलेले जेनेरिक व्ह्यू, म्हणजे पान तयार करून देणारा आयता कोड, २०११ साली, १.३ या आवृत्तीत आले, आणि यादी, तपशील, नोंद भरणे, नोंद बदलणे अशा नेहमीच्या पानांसाठी मी आजही आधी त्यांच्याकडेच वळतो. ते आपल्या गरजेप्रमाणे वळवताना बदल क्लासमध्ये करायचा की यूआरएलच्या फाइलमध्ये, हे आधी ठरवावे लागते. माझ्या मते पुष्कळ प्रकल्पांत व्ह्यू फुगतात ते राउटिंगने (कोणता पत्ता कोणत्या व्ह्यूकडे जाईल हे ठरवणाऱ्या भागाने) करायचे काम त्यांच्या गळ्यात पडल्यामुळे.

फरक एखाद्या ठरावीक मूल्यापुरता असेल, म्हणजे पानावर वीस नोंदी दाखवायच्या किंवा वेगळे टेम्प्लेट वापरायचे असेल, तर नवा क्लास लिहिण्याची गरज नाही. यूआरएलच्या फाइलमध्ये व्ह्यू जोडताना लिहायच्या ॲज_व्ह्यू च्या कंसात ते मूल्य दिले की पुरते. क्लासवर मुळात नसलेले नाव तिथे दिले तर जँगो टाइपएरर देतो, त्यामुळे नाव लिहिताना झालेली चूक यूआरएलची फाइल लोड होतानाच उघडी पडते.

फरक प्रत्येक रिक्वेस्टगणिक बदलणारा असेल, तर मात्र डेटाबेसमधून कोणत्या नोंदी आणायच्या हे सांगणारी गेट_क्वेरीसेट ही मेथड ओव्हरराइड करावी. ‘प्रकाशनाची वेळ आतापर्यंत होऊन गेलेले लेख’ ही अट क्लासच्या अंगात क्वेरीसेट या ॲट्रिब्यूटमध्ये लिहिली, तर त्यातले ‘आता’ क्लास लोड होतानाच एकदा ठरते आणि तिथेच गोठते. त्यानंतर वेळ होऊनही नवा लेख यादीत येत नाही, सर्व्हर रीस्टार्ट केला की अचानक येतो, आणि मग संशय उगाचच कॅशवर (आधीच्या साठवलेल्या पानांवर) जातो. हीच अट मेथडमध्ये लिहिली की ती दर रिक्वेस्टला नव्याने मोजली जाते.

मराठी संकेतस्थळाला खरी अडचण येते ती पत्त्यांत. २.० पासून मिळालेल्या पाथ या फंक्शनमधला स्लग कन्व्हर्टर (पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, म्हणजे स्लग, ओळखणारा भाग) फक्त इंग्रजी अक्षरे, अंक, हायफन आणि अंडरस्कोर स्वीकारतो, म्हणून देवनागरी पत्ता त्याला जुळतच नाही. शीर्षकाचा स्लग करून देणाऱ्या स्लगिफाय ला युनिकोडची परवानगी दिली तरी ‘मराठी कविता’चे ‘मरठ-कवत’ होते, कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवून पाहण्याच्या साच्यात, थोडक्यात रेजेक्समध्ये) काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे शब्दातली अक्षरे म्हणून धरली जात नाहीत. मॉडेलमध्ये स्लग साठवणाऱ्या युनिकोड स्लगफील्डचा व्हॅलिडेटरही याच कारणाने ‘पुस्तक’ नाकारतो. एसटीआर कन्व्हर्टर यातले सगळे चालवून घेतो खरा, पण तो तिरपी रेघ सोडून काहीही चालवून घेतो.

यावर उपाय स्वतःच्या कन्व्हर्टरचा. त्याला एक रेजेक्स आणि टू_पायथन (पत्त्यातल्या मजकुराचे मूल्य करणारी), टू_यूआरएल (मूल्याचा पत्ता करणारी) या दोन मेथड एवढेच लागते. रेजेक्समध्ये देवनागरीचा पूर्ण युनिकोड ब्लॉक सरसकट घेऊ नये, त्यात दंड (।) हे विरामचिन्हही येते. पण झीरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे न दिसणारे चिन्ह) मात्र आठवणीने घ्यावा. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि जॉइनर अशा क्रमाने. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. जॉइनर नुसता काढून टाकला तर रफार उमटतो, म्हणून टू_पायथनमध्ये दुसरा क्रम पहिल्यात बदलावा आणि लेख साठवतानाही तेच फंक्शन वापरावे. टू_पायथनने व्हॅल्यूएरर दिला तर जँगो तो पत्ता जुळला नाही असे समजून पुढचे पॅटर्न पाहतो, त्यामुळे चुकीच्या पत्त्यासाठी व्ह्यूमध्ये वेगळी तपासणी लागत नाही.

एवढे झाल्यावर डिटेलव्ह्यूच्या उपक्लासमध्ये मॉडेलचे नाव आणि गेट_क्वेरीसेट यांखेरीज काही लिहावे लागत नाही. मॉडेलमध्ये स्लगफील्डऐवजी युनिक कॅरफील्ड घ्यावे आणि त्याला आपला व्हॅलिडेटर जोडावा. राहता राहिला पॅटर्नचा क्रम: जँगो वरून खाली पाहत जातो आणि पहिला जुळलेला पॅटर्न घेतो, त्यामुळे ‘लेख/नवीन/’ हा पत्ता स्लगच्या ओळीखाली लिहिला, तर फॉर्मऐवजी ‘नवीन’ नावाच्या लेखाचा शोध सुरू होतो आणि वाचकाला ४०४ दिसते.