आपला चेंडू कोणत्या बाजूला वळावा

बेळगावच्या गोल्फ मैदानावर नियमित खेळू इच्छिणाऱ्याने आपला चेंडू कोणत्या बाजूला वळवायचा हे ठरवण्याआधी तिथली झाडी एकदा नीट न्याहाळावी, असे मी नव्या खेळाडूंना सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये शहरात शिरलेला बिबट्या याच परिसरात दडून बसला होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणावे लागले, आणि तरीही तो हाती लागला नाही. ज्या झाडीत अख्खा बिबट्या दिसेनासा होतो, तिथे सव्वाचार सेंटिमीटर व्यासाचा चेंडू सापडण्याची आशा किती धरावी? नियमाप्रमाणे शोधायला आता तीनच मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. चेंडू हरवला की एक फटका दंड भरून पुन्हा मूळ जागेवरून मारायचा, म्हणजे एका चुकीची किंमत दोनदा मोजायची.

फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही कडांना अशी झाडे असताना दोन्हींपासून एकाच वेळी सावध राहता येत नाही. एका बाजूला आपला चेंडू जवळजवळ कधीच जात नाही, अशी खात्री असेल तरच दुसऱ्या बाजूची तजवीज शांतपणे करता येते. प्रत्येक खेळाडूचे एक ठरलेले वळण असावे, ते मुख्यतः यासाठी. वळणारा चेंडू देखणा दिसतो किंवा लांब जातो, ही कारणे माझ्या मते बरीच नंतरची आहेत.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडून डावीकडे हलकेच वळला तर तो ड्रॉ, आणि डावीकडून उजवीकडे वळला तर फेड. तेच वळण हाताबाहेर गेले की ड्रॉचा हुक होतो आणि फेडचा स्लाइस. पुढचे सर्व लेखन उजव्या हाताचा खेळाडू गृहीत धरून केले आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावे.

फिरणारी वस्तू हवेत बाजूला का ढकलली जाते, याचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश माग्नुस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात केला, आणि एडिंबरा विद्यापीठातील पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणातील फिरकीचे महत्त्व दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला, त्यामुळे या शास्त्राविषयी मला विशेष आपुलकी वाटते. मात्र चेंडू कोणत्या दिशेने सुटतो आणि का वळतो, याविषयी त्यानंतरही अनेक दशके चुकीचेच शिकवले जात होते. चेंडू क्लबच्या (काठीच्या) मार्गाने सुटतो आणि शेवटी क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारा क्लबचा सपाट पृष्ठभाग, जिकडे रोखलेला असेल तिकडे वळतो, अशी समजूत होती. ट्रॅकमॅनसारखी रडारवर चालणारी यंत्रे या शतकाच्या सुरुवातीला आली, तेव्हा चेंडू सुटण्याची दिशा मुख्यतः क्लबफेसच ठरवतो, हे मोजून दाखवता आले. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या, बाबतीत हा वाटा सुमारे ८५ टक्के, तर आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या, बाबतीत सुमारे ७५ टक्के असतो. वळण ठरते ते क्लबफेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावरून.

याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. फेड हवा असेल तर चेंडूला लागण्याच्या क्षणी क्लबफेस लक्ष्याच्या किंचित डावीकडे असावा आणि क्लबचा मार्ग त्याहूनही थोडा डावीकडे. ड्रॉसाठी क्लबफेस लक्ष्याच्या किंचित उजवीकडे आणि मार्ग त्याहून उजवीकडे. जुना उपदेश प्रमाण मानून जो क्लबफेस थेट लक्ष्यावर रोखतो आणि फक्त पाय डावीकडे वळवतो, त्याचा चेंडू लक्ष्याच्या जवळपास सुटतो आणि तिथून उजवीकडे निघून जातो. आपला फेड बिघडला असे समजून तो पुढच्या वेळी पाय आणखी डावीकडे नेतो, आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो.

शिवाय हा सगळा हिशेब चेंडू क्लबफेसच्या मध्यावर लागला तरच खरा ठरतो. ड्रायव्हरच्या टाचेकडे (क्लबच्या डोक्याच्या दांड्याजवळच्या भागात) लागलेल्या चेंडूला फेडची फिरकी मिळते आणि टोकाकडे लागलेल्याला ड्रॉची, मग मार्ग कसाही असो. त्यामुळे आपले वळण ओळखायला बसण्याआधी चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढून मारावे. क्लबफेसवर उमटलेली खूण चेंडू कुठे लागला ते लगेच सांगते. ही तपासणी न करता स्वतःला स्लाइस मारणारा म्हणवून घेणारे कित्येक जण खरे तर टाचेने मारणारे असतात.

आता नेमाविषयी. फेअरवे तीस यार्ड रुंद आहे असे धरू. सरळ मारू पाहणारा मधोमध नेम धरतो, तेव्हा त्याला दोन्हीकडे पंधरा-पंधरा यार्डांची सवलत असते. फेड मारणारा डाव्या कडेच्या किंचित आत नेम धरतो: चेंडू वळलाच नाही तर तो डाव्या कडेला राहतो, अपेक्षेइतका वळला तर मध्यावर येतो, आणि दुप्पट वळला तरी उजव्या कडेला फेअरवेतच थांबतो. विख्यात अमेरिकी खेळाडू जॅक निकलॉस यांच्या खेळाचा पाया हाच होता. पण या हिशेबाला एक अट आहे, आणि ती पुष्कळदा सांगितली जात नाही. चेंडू कधीतरी सरळ गेला तर चालते, कधीतरी जास्त वळला तरी चालते. तो उलट्या बाजूला वळता कामा नये. डावीकडे नेम धरून फेड मारायला जावे आणि चेंडू आणखी डावीकडे वळावा, यालाच डबल क्रॉस म्हणतात. अशी वेळ वारंवार येत असेल, तर त्या खेळाडूचे वळण अजून ठरलेलेच नाही, आणि त्याने तोवर कडेवर नेम धरू नये.

ठरलेल्या वळणावर आयुष्यभर विसंबून राहिलेल्या खेळाडूंमध्ये मला सर्वांत पटणारे उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉक यांचे वाटते. ते लक्ष्याच्या बरेच उजवीकडे नेम धरत आणि प्रत्येक फटका डावीकडे वळवून आणत. बघणाऱ्यांना ही पद्धत विचित्र वाटे. तरीही तिच्या जोरावर त्यांनी १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ अशी चार वेळा ओपन चॅम्पियनशिप जिंकली. बेन होगन यांचा प्रवास उलट दिशेचा. तरुणपणी हुकने त्यांना हैराण केले. ग्रिप बदलून त्यांनी चेंडू फेडकडे आणला, आणि मेजर म्हणवल्या जाणाऱ्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधली त्यांची नऊच्या नऊ विजेतेपदे १९४६ ते १९५३ या काळातली आहेत. अलीकडे डस्टिन जॉन्सन मुळात ड्रॉ मारणारा असून ड्रायव्हरने फेड मारू लागला, आणि २०१६ ची यूएस ओपन त्यानंतर जिंकला.

मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानावर ड्रॉशिवाय निभाव लागत नाही, असे टीव्हीवर दरवर्षी ऐकू येते. तिथली काही होल (सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचे मार्ग) डावीकडे वळतात हे खरे आहे. पण फेडवर भिस्त ठेवणाऱ्या निकलॉस यांनी मास्टर्स सहा वेळा जिंकली, त्यातली शेवटची १९८६ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी. जॉन्सनने २०२० मध्ये तिथे २६८ फटक्यांचा विक्रम केला, तोही याच वळणावर भर देऊन. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: २००३ ते २०१४ या बारा वर्षांत सहा मास्टर्स डावखुऱ्यांनी जिंकल्या, आणि डावखुऱ्याचा उंच, अलगद उतरणारा फेड उजव्या हाताच्या ड्रॉच्याच दिशेने वळतो. म्हणजे मैदानाचा कल असतो, पण तो ओळखून खेळणाऱ्याला दुसरे वळण उसने आणावे लागत नाही.

ड्रॉच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे लांबी. ड्रॉ मारताना क्लबफेसचा वरच्या दिशेचा कोन सहसा कमी पडतो, मागची फिरकी कमी असते, आणि चेंडू जमिनीवर पडल्यावर पुढे धावतो. फेड उंच जातो, अधिक फिरकीने उतरतो आणि लवकर थांबतो. आपल्याकडे या फरकाचे मोल ऋतूप्रमाणे बदलते. मार्च ते मे या काळात तांबडी माती इतकी कडक होते की ड्रॉ फेअरवेत पडूनही धावत धावत डाव्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, शिरतो. ती जास्तीची लांबी बहुतेक वेळा झाडांच्या बुंध्याशी संपते. जून ते सप्टेंबर जमीन भिजलेली असते, तेव्हा चेंडू पडतो तिथेच रुततो आणि ड्रॉचा धावण्याचा फायदा उरत नाही. लांबीची हाव सोडता येत नसेल, तर आपल्याच राज्यातील बंगळुरूच्या अदिती अशोकचा खेळ पाहावा. ड्रायव्हरच्या अंतरात मागे असूनही टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली.

आमच्या भागात गोल्फकडे येणारे पुष्कळ जण क्रिकेट किंवा हॉकी खेळून आलेले असतात. बेळगाव हॉकीचेही गाव आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातील बंडू पाटील इथलेच. माझ्या पाहण्यात हॉकीवाल्यांची मनगटे चेंडूवर झटकन फिरतात आणि त्यांचा चेंडू आपोआप डावीकडे जातो. क्रिकेटवाल्याला बॅटचा चेहरा शेवटपर्यंत सरळ धरण्याची सवय असते, त्यामुळे क्लबफेस बंद व्हायला उशीर होतो आणि चेंडू उजवीकडे जातो. मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर क्रिकेट खेळत वाढलो, आणि माझी निवड फेडची आहे. ही सवय मोडून ड्रॉ शिकता आला असता. पण जी हालचाल शरीराला आधीच येते, तिला शिस्त लावणे हे नवी हालचाल शिकण्यापेक्षा सोपे असते, आणि दबावाखाली शरीर जुन्या हालचालीकडेच परत जाते.

म्हणूनच वळण ओळखताना सकाळी ताजेतवाने असताना मारलेले उत्तम फटके फारसे कामाचे नसतात. फेरीच्या शेवटच्या होलवर, पाय जड झालेले असताना आणि सामना अटीतटीचा असताना चेंडू कुठे जातो, ते पाहावे. ते सर्वांत अचूक माहीत असते कॅडीला. माझ्याबरोबर नेहमी असणारे गणेशपूरचे वयस्क कॅडी मी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा राहण्याआधीच पुढे जाऊन उजव्या कडेला थांबतात. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा बॉल इकडंच येतोय की ओ साहेब, तिकडं थांबून काय करू?" यंत्राचे आकडे जरूर पाहावेत, पण ज्याने आपले शेकडो चेंडू शोधून दिले, त्याचे मत मी आधी विचारतो.

वळण ठरल्यावर ते कमी ठेवण्याकडे लक्ष द्यावे. ड्रायव्हरने दहा-बारा यार्ड वळणारा फेड सांभाळता येतो. तीस यार्डांच्या वळणाला नेम धरायला फेअरवेच उरत नाही. पाय आणि खांदे लक्ष्याच्या थोडे डावीकडे, क्लबफेस लक्ष्य आणि खांद्यांची रेषा यांच्या मध्ये, आणि स्विंग खांद्यांच्या रेषेत, एवढी मांडणी पुरते. हातांनी काही वेगळे करायला जाऊ नये. आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा वरचा कल, जसा वाढतो तसे वळण कमी होते, त्यामुळे वेजने (सर्वांत जास्त लॉफ्टच्या क्लबने) ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, मारताना मी वळणाचा विचार जवळजवळ सोडून देतो.

वाऱ्याचा विचार मात्र सोडता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा घाटावरून येतो. उत्तरेकडे तोंड करून मारायचे असेल तर तो डावीकडून लागतो आणि फेडला आणखी उजवीकडे ढकलतो. तिथे नेम नेहमीपेक्षा बराच डावीकडे धरावा लागतो. दक्षिणेकडे मारताना तोच वारा उजवीकडून येऊन फेडला अडवतो, आणि चेंडू जवळजवळ सरळ जातो. समोरून येणारा वारा वळण वाढवतो, पाठीमागचा कमी करतो. गोव्याच्या किनाऱ्यावर खेळायला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर असल्यामुळे इथली हवा विरळ आहे. किनाऱ्यावर तोच फटका थोडा कमी लांब जातो आणि थोडा अधिक वळतो.

ठरलेले वळण बाजूला ठेवावे असे प्रसंग थोडेच येतात. उतारावर चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जाऊ पाहतो, तेव्हा फेडचा हट्ट धरू नये. उजवीकडे नेम धरून उताराला त्याचे काम करू द्यावे. ओल्या रफमध्ये क्लबफेस आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येते, फिरकी कमी मिळते, आणि कोणतेच वळण नीट उमटत नाही. डावीकडे वळणाऱ्या डॉगलेगवर (मध्येच कोपरा घेणाऱ्या होलवर) मी ड्रॉ मारायला जात नाही. थ्री-वूड किंवा लांब आयर्न घेऊन कोपऱ्यापर्यंतच मारतो आणि ग्रीनवर जायला एक क्लब जास्त घेतो.

मुलांना मात्र मी अजून कोणतेही वळण ठरवू देत नाही. सुट्टीत मैदानावर येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांची उंची आणि ताकद दरवर्षी बदलते, आणि आज ठरवलेले वळण दोन वर्षांनी त्यांच्या शरीराला बसत नाही. त्यांना सेव्हन-आयर्न देऊन एक चेंडू डावीकडे, पुढचा उजवीकडे वळवायला सांगावे. क्लबफेस किती फिरला की काय होते, हे त्यांच्या हातांना कळू लागते. स्पर्धा खेळण्याइतके अंग भरले की कोणते वळण ठेवायचे ते ती मुले स्वतःच सांगतात, आणि तेव्हा प्रशिक्षकाने आपल्या आवडीचे वळण त्यांच्यावर लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.